झाकली मूठ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाला उभे राहण्याची ही माझी पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर आपण सांभाळून घ्यावे. दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्याकडे आरोग्य, बचत, मुलांचे संगोपन अशा विषयांवर कोणी ना कोणी बोलते. यंदा कार्यवाहबाई मला म्हणाल्या, "तुम्ही मुष्टियुद्धावर बोला. टेलिव्हिजनपुढे बसून ठोसाठोशी पाहणाऱ्या आपल्यात तुम्हीच एकट्या." ते ऐकून चौघीजणी हसल्या, मीही हसले. परंतु घरी जाऊन विचार करू लागले तेव्हा वाटले, या विषयाच्या निमित्ताने मला एक गोष्ट सांगायची आहे. ती पुष्कळ वर्षे मनात राहिली आहे. ती शेवटी सांगेन. आधी खेळाविषयी.

मला हा नाद लावला माझ्या पुतण्याने. तो शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करीत होता. जुन्या गाजलेल्या सामन्यांची चित्रे तो मोबाइलवर लावायचा, मी भाकरी थापता थापता पाहायची आणि तो समजावून सांगायचा. त्याने सांगितलेले आणि मी पुढे वाचलेले तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

पूर्वी इंग्लंडात उघड्या मुठींनी लढत. एकाला उठणे अशक्य होईपर्यंत लढाई चाले. १८६७ साली क्वीन्सबेरी या सरदाराच्या नावाने नवे नियम छापले गेले. हातात मोजे घालायचे, तीन मिनिटे लढायचे, एक मिनिट विसावा घ्यायचा. कोणी खाली पडला तर समोरच्याने दूर उभे राहायचे आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंद द्यायचे. पंच मोठ्याने एक, दोन, तीन असे दहापर्यंत मोजतो. भगिनींनो, खेळातला बाकी तपशील विसरलात तरी चालेल, पण हा मोजणारा माणूस लक्षात ठेवा. मारामारी आणि खेळ यांत फरक आहे तो त्याच्यामुळे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत घरोघरी टेलिव्हिजन येऊ लागला. त्या यंत्राला हा खेळ फार सोयीचा पडला. क्रिकेटसारखे मोठे मैदान नको. दोराने आखलेला एक चौक, दोन माणसे आणि वर दिवा, एवढे एका कॅमेऱ्यात मावते. १९ जून १९४६ रोजी न्यूयॉर्कला जो लुई आणि बिली कॉन यांची लढत टेलिव्हिजनवर दाखविली. लुईने आठव्या फेरीत ती जिंकली. त्यानंतर १९६० पर्यंत दर शुक्रवारी रात्री तिकडे मुष्टियुद्ध दाखवीत. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ते दुकानात आणि गुत्त्यात गर्दी करीत. आपल्याकडे १९८७ साली रामायण सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर सारी आळी जमत असे. तसेच ते समजा.

पण पाहण्याची गोडी लागली की माणूस काय पाहतो आहे याचे भान सुटते. २४ मार्च १९६२ ची रात्र. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथ आणि बेनी पॅरेट यांची विजेतेपदाची लढत होती, आणि ती थेट टेलिव्हिजनवर चालली होती. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात दोरांशी अडकला. त्याचे हात खाली आले होते. ग्रिफिथ ठोसे मारीत राहिला. पंचांनी मध्ये पडायला उशीर केला. लक्षावधी लोक आपापल्या घरी बसून पाहत होते. पॅरेट बेशुद्ध पडला तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. ३ एप्रिलला तो वारला. त्यानंतर अमेरिकेत फार गहजब झाला. ज्या कंपनीने ती लढत दाखविली होती तिने दोन वर्षांनी, १९६४ साली, मुष्टियुद्धाचा आपला नेमाचा कार्यक्रम बंद केला.

मी ही लढत पुतण्याच्या मोबाइलवर पाहिली तेव्हा हातातले काम थांबले. मला राग ग्रिफिथचा आला नाही. तो आयुष्यभर त्या रात्रीने बेचैन राहिला. मला वाटले, एवढ्या सगळ्यांना दिसत होते, मग थांबविणारा एकच माणूस का? आणि तो एक चुकला की सगळेच चुकले?

आता सर्वांना ठाऊक असलेले नाव घेते, महंमद अली. ८ मार्च १९७१ ला जो फ्रेझरशी त्याची पहिली लढत झाली. दोघेही तोवर अजिंक्य होते. पंधराव्या फेरीत अली खाली पडला, तरी उठला, आणि गुणांवर हरला. ३० ऑक्टोबर १९७४ ला आफ्रिकेत, झाईर देशातल्या किन्शासाला, जॉर्ज फोरमनशी लढत झाली. त्या देशाला आज काँगो म्हणतात. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना ती रात्री दिसावी म्हणून तिथे ती पहाटेच्या अंधारात चारच्या सुमारास घेतली. पाहणाऱ्यांची वेळ सांभाळण्यासाठी लढणाऱ्यांची झोप मोडली, असे ते युग होते. फोरमन वयाने लहान आणि अंगाने दांडगा. अली दोरांना पाठ टेकून उभा राहिला आणि त्याचे ठोसे अंगावर घेत राहिला. फोरमन दमला, आणि आठव्या फेरीत अलीने त्याला पाडले.

या लढतीचे सगळे कौतुक करतात. सोसले म्हणून जिंकला म्हणतात. सोसण्याचे कौतुक आपल्याही कानांना नवे नाही. लग्न होऊन आले तेव्हा मलाही थोरल्यांनी हेच सांगितले, की सोसणारी जिंकते. परंतु अलीचे पुढे काय झाले तेही पाहावे. १९८४ साली त्याला कंपवात असल्याचे निदान झाले. १९ जुलै १९९६ ला अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये ज्योत पेटवायला तो उभा राहिला तेव्हा ज्याच्या हाताची चपळाई जगाने वाखाणली तो हात थरथरत होता. त्या आजारात डोक्यावरच्या ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. पण सोसलेले फुकट जात नाही आणि अंगातूनही जात नाही, एवढे आपण बायका कोणत्याही डॉक्टरला न विचारता सांगू.

अली आणि फ्रेझर यांची तिसरी लढत १ ऑक्टोबर १९७५ ला फिलिपिन्समध्ये मनिलाला झाली. माझ्या मते साऱ्या इतिहासातली खरी मोठी घटना त्या दिवशी घडली, आणि ती ठोशाची नव्हती. चौदा फेऱ्या झाल्या होत्या. फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आले होते, समोरचा ठोसा त्याला दिसत नव्हता. एकच फेरी उरली होती आणि त्याला लढायचेच होते. त्याचा गुरू एडी फच याने त्याला उठू दिले नाही. लढत थांबवा, असे त्याने पंचांना कळविले. फ्रेझर हरला. पण तो जिवंत घरी गेला. आपल्या माणसाला हरलेला पाहणे ज्याने पत्करले, त्या गुरूला मी मानते.

नियमही असेच एकेका दुःखातून सुधारले. १९८२ साली नोव्हेंबरात दक्षिण कोरियाचा डुक कू किम हा तरुण अमेरिकेत टेलिव्हिजनवरच्या एका लढतीत चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी वारला. त्यानंतर विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांऐवजी बारा फेऱ्यांच्या करण्यात आल्या. ऑलिंपिकचा खेळ त्याहून पुष्कळ सौम्य असतो. फेऱ्या थोड्या, आणि खेळाडू पडला नाही, नुसता डगमगला, तरी पंच त्याच्यापुढे उभा राहून आठ आकडे मोजतो आणि त्याच्या डोळ्यांत पाहतो. डोळे ठीक दिसले नाहीत तर तिथेच खेळ संपवितो.

आपल्या देशात दूरदर्शन दिल्लीला १९५९ साली आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले तेव्हा टीव्हीला रंग आले. त्याच खेळांत पंजाबच्या कौरसिंगांनी मुष्टियुद्धात सुवर्णपदक मिळविले. १९८० साली महंमद अली दिल्लीला आला असता हेच कौरसिंग त्याच्याबरोबर प्रदर्शनीय सामना खेळले होते.

आणि आपल्याजवळचे म्हणाल तर आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातला शेतकऱ्याचा मुलगा अनंता चोपडे अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत हा खेळ शिकला आणि २०१९ साली इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत ५२ किलो गटात सुवर्णपदक घेऊन आला. त्याच स्पर्धेत ५१ किलो गटात मेरी कोमलाही सुवर्णपदक मिळाले. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली पोलंडमध्ये तरुणींची जागतिक विजेती झाली. आपल्या नांदेडच्या पलीकडेच निजामाबाद आहे. तिथली निखत झरीन २०२२ साली इस्तंबूलला जगज्जेती झाली. मुलींच्या आयांनी ही नावे घरी जाऊन मुलींना सांगावीत.

आता माझ्या घरात घडलेले सांगते.

मी लग्न होऊन आले त्यानंतर दोनतीन वर्षांनी आमच्या घरी टीव्ही आला. आमच्या घराला भिंत लावून एक घर होते. त्या घरातली बाई माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. स्वभावाने इतकी गोड, की माझ्या पहिल्या बाळंतपणात तिने मला डिंकाचे लाडू करून दिले. तिचा नवरा तिला मारीत असे. रोज नव्हे, पण आठवड्यातून एकदोनदा. भिंत मातीची. भांडे पडल्याचा आवाज यायचा, मग त्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. ती ओरडत नसे.

आम्ही काय करीत होतो? भगिनींनो, आम्ही टीव्हीचा आवाज वाढवीत होतो.

कोणी कोणाला तसे सांगत नसे. घरातले जे कोणी जवळ असेल ते हात लांब करून आवाज वाढवी. एक दिवस मीच वाढविला. मुले ऐकतील, एवढेच माझ्या मनात आले. त्या काळात भारनियमन फार होते. रात्री वीज गेली की टीव्ही बंद, आणि मग अंधारात सगळे स्वच्छ ऐकू येई. तेव्हा आम्ही एकमेकांशी उगाच मोठ्याने बोलू लागायचो. सकाळी ती पाण्याला यायची. कधी मनगट सुजलेले, कधी गाल. पाय घसरला म्हणायची. आम्ही म्हणायचो, जपून चालावे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे तेव्हा थोरली माणसे म्हणत आणि आम्हीही मानत होतो. पुढे एक दिवस ती मुलांना घेऊन माहेरी निघून गेली ती परतली नाही.

पुष्कळ वर्षे गेली. ८ ऑगस्ट २०१२ ची गोष्ट. श्रावणातले दिवस. लंडनच्या ऑलिंपिकमध्ये बायकांचे मुष्टियुद्ध प्रथमच घेतले होते, आणि मणिपूरची मेरी कोम उपान्त्य सामना खेळणार होती. दोन जुळ्या मुलांची आई. तिचे नेहमीचे वजन ४८ किलोच्या गटातले, पण ऑलिंपिकला तो गटच नव्हता, म्हणून तिला ५१ किलोत खेळावे लागले. समोर इंग्लंडची निकोला अॅडम्स, उंचीने चांगलीच अधिक. आमच्या घरात संध्याकाळी सारे टीव्हीपुढे जमले होते. सासूबाई कधी खेळ पाहत नसत. त्या दिवशी वाती वळता वळता त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मेरीला दोन ठोसे लागोपाठ बसले. सासूबाईंचे हात थांबले. त्या एकदम म्हणाल्या, "आवं, तिले कोणी सोडवत काऊन नाही?"

पुतण्या हसला. म्हणाला, "आजी, तो पांढऱ्या सदऱ्याचा माणूस आहे ना, तो त्याच्याचसाठी हाये. तो थांब म्हणला का दोघींनीबी थांबा लागते. कोणी पडलं तं तो मोजते."

सासूबाई बराच वेळ त्या पंचाकडेच पाहत राहिल्या. खेळाकडे त्यांचे लक्षच नव्हते. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बरं हाये. मोजणारं कोणी तं हाये."

माझ्या पोटात गोळा आला. मी यजमानांकडे पाहिले, त्यांनी मान खाली घातली. आम्ही तिघेही त्या भिंतीकडे पाहत नव्हतो, पण तिघांनाही ती भिंत दिसत होती. मेरी कोम तो सामना ११ विरुद्ध ६ गुणांनी हरली आणि तिला कांस्यपदक मिळाले. पुढे अॅडम्सने सुवर्णपदक जिंकले. घरात सगळ्यांना पदकाचा आनंद झाला. मला त्या रात्री जेवण गेले नाही.

त्यानंतर वर्ष दीड वर्षाने बुलढाण्याच्या बसस्थानकावर ती माझी शेजारीण मला भेटली. तिने मला ओळखले, हात धरून बाकावर बसविले. मुले शिकत होती, ती एका ठिकाणी स्वयंपाकाचे काम करीत होती. माझ्याने राहवेना. मी म्हटले, "बाई, आम्हाला सगळे ऐकू येत होते."

ती म्हणाली, "मले माहीत हाये वं. तुमच्या टीव्हीचा आवाज वाढला का मले समजे, तुमाले आयकू गेलं म्हणून."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. मग ती आपल्या बसकडे गेली. ही हकीकत मी तिच्या परवानगीने, तिचे नाव न घेता सांगत आहे. ज्यांना ती ओळखू आली असेल त्यांनी ते आपल्यापाशी ठेवावे.

त्यानंतर एकदा आमच्या आळीत दुसऱ्या एका घरातून तसाच आवाज आला. २००८ साली टीव्हीवर एक जाहिरात लागत असे. शेजारी मारहाण ऐकू आली की एक माणूस जाऊन घंटी वाजवितो आणि काहीतरी मागतो. आम्ही ती जाहिरात शंभर वेळा पाहिली होती, पण पाहणे निराळे आणि उठणे निराळे. माझे पाय कापत होते. सासूबाईच आधी उठल्या. मी हातात वाटी घेतली, आणि दोघींनी जाऊन कडी वाजविली. दार उघडल्यावर मी म्हटले, "विरजण हवे होते." रात्री साडेनऊला विरजण. त्या माणसाला सगळे कळले. तो बाजूला झाला. सासूबाई सरळ आत गेल्या आणि त्या पोरीजवळ जाऊन बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. अर्धा तास नुसत्या बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती पोर माझ्याशी महिनाभर बोलली नाही. मी तिच्या घराची लाज उघडी केली, असे तिला वाटले. ते माझ्या मनाला लागले, आणि आपण चूक केली की काय असेही वाटले. मग एका दुपारी ती आपणहून आली, तांदूळ निवडायला बसली आणि हळूहळू बोलू लागली. तिचे घर सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. पण आता त्या घरात हात उचलण्याआधी कडी वाजेल हे ठाऊक आहे. सासूबाई आज नाहीत. त्यांची ती वाटी मी जपून ठेवली आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. आपल्या मंडळाने पंचाचे काम पत्करावे. पंच कोणाला मारीत नाही, कोणाचा पक्ष घेत नाही. तो जवळ उभा राहतो, मध्ये पडतो आणि मोजतो. आवाज ऐकू आला तर एकटीने जाऊ नये, दोघीतिघींनी जावे. आधी त्या बाईला काय हवे ते विचारावे. सोस, असा उपदेश करू नये. तिची इच्छा असेल तर पुढचा रस्ता दाखवावा. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात तिला त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो, आणि मदतीला संरक्षण अधिकारी असतात. महिलांच्या मदतीसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ते चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. पैनगंगेला पूर आला की कोणाच्या घरात पाणी शिरले ते आपण विचारायला धावतो. तेव्हा जात, धर्म, आळी काही पाहत नाही. हेही तसेच समजावे.

आणि आपल्या मुली हा खेळ शिकू म्हणाल्या तर त्यांना शिकू द्यावे. चांगला गुरू पाहावा, डोक्याची काळजी घेतो की नाही ते विचारावे. पण मुलीची मूठ घट्ट झाली म्हणजे आपले काम संपले असे मात्र समजू नये. मेरी कोमसारख्या जगज्जेतीलाही चौकात एकटी सोडत नाहीत, तिथेही पांढऱ्या सदऱ्याचा माणूस लागतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण खोटी आहे असे मी म्हणत नाही. पैशाअडक्याला ती लागू असेल. पण जी मूठ रात्री घरातल्या बाईवर पडते ती झाकून ठेवण्यात कोणाचेही सव्वा लाख नाहीत.

 आज घरी गेल्यावर टीव्ही लावाल तेव्हा आवाज जरा कमी ठेवा, एवढी विनंती करून मी माझे चार शब्द संपविते.